फॉरमॅट मारून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित देखभाल थांबवली आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे कित्येक ठणठणीत संगणक एका रात्रीत आजारी ठरले. आदल्या दिवशी ते पोरांचे प्रोजेक्ट छापत होते, सोसायटीचा हिशेब ठेवत होते, आयकराचं विवरण भरत होते. दुसऱ्या दिवशीही तेच करत होते. फक्त पडद्यावर सूचना झळकत होती की हे यंत्र विंडोज ११साठी पात्र नाही. ‘पात्र नाही’ हे शब्द मध्यमवर्गीय माणसाला म्हाडाच्या सोडतीनंतर इतके कुठेच झोंबत नाहीत.

पात्रतेच्या अटी तशा जुन्याच. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, एएमडीचा रायझन असेल तर साधारण २००० मालिकेपासून पुढचा हवा, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी. विंडोज ११ बाजारात आली ५ ऑक्टोबर २०२१ला. तेव्हापासून हे जाहीर आहे. चार वर्षं कोणी वाचलं नाही. घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १०चे सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, घेण्याची सोय कंपनीने ठेवली, तीही कोणी वाचली नाही. वाचण्यापेक्षा खरेदी सोपी असते. खरेदीला पिशवी मिळते.

तर ठरलं: बोर्ड बदलायचा. बोर्ड एकटा येत नाही, हे दुकानात गेल्यावर कळतं. सॉकेट वेगळं, म्हणून प्रोसेसर नवा. जुनी रॅम डीडीआर३, नव्या बोर्डाला ती बसतच नाही, म्हणून रॅम नवी. तिथे खिशाने हात वर केले, की गृहस्थ अर्थमंत्र्याच्या सुरात जाहीर करतात, “बाकी सगळं तेच राहू दे. चांगलं चाललंय.” बाकी सगळं म्हणजे बारा वर्षांपूर्वीची हार्ड डिस्क, तिच्यावरची जुनी विंडोज, डिस्कच्याच काळातला वीज पुरवणारा एसएमपीएस आणि एक कूलर, ज्याच्या पात्यांवर डोंबिवली एमआयडीसीची धूळ थरांनी बसली आहे.

खरेदीचे इथे दोन पंथ आहेत. पहिला पंथ स्टेशनजवळच्या ओळखीच्या दुकानातून घेतो आणि ‘बिलाशिवाय किती?’ असं विचारतो. दुसरा पंथ लॅमिंग्टन रोडला जातो. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं बदलून जमाना झाला, पण तिथे रॅम घ्यायला गेलेला एकही माणूस भडकमकर मार्गावर जाऊन आल्याचं सांगत नाही. या पंथाचे लोक तिथेच बोर्ड बसवून घेतात आणि कॅबिनेट मांडीवर घेऊन संध्याकाळच्या लोकलने परततात. दादरला गाडी बदलताना कॅबिनेटला जे खांदे, कोपर आणि डबे लागतात, त्यांत आतलं जड ग्राफिक कार्ड खाचेतून केसभर उचकटतं. घरी आल्यावर त्याचा संशय कोणालाही येत नाही. संशय नव्या बोर्डावर येतो. नव्या सुनेसारखा.

मशीन सुरू होतं. पहिल्या पाच मिनिटांत सगळे खूश. मग माउस चालता चालता थबकतो. गाणं मधेच घरंगळल्यासारखा आवाज काढतं आणि पुन्हा सुरळीत होतं. व्हिडिओत बोलणाऱ्याचं तोंड एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. यंत्र बंद पडत नाही, पूर्ण चालतही नाही; गचके खातं. पूर्ण बंद पडलेलं यंत्र परवडलं, त्याला निदान परत तरी नेता येतं. गचके खाणारं यंत्र दुकानदारासमोर ठेवलं की शहाण्यासारखं चालतं.

आता तज्ज्ञ जमतात. आपल्या पट्ट्यात तज्ज्ञांची टंचाई कधीच नव्हती. वीज खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणतात, “अर्थिंग नाही तुमच्याकडे.” ऐरोलीच्या आयटी पार्कात जाणारा वरच्या मजल्यावरचा तरुण कपाळाला आठ्या घालून म्हणतो, “व्हायरस असेल.” तो दिवसभर जावाचा कोड लिहितो, त्याला मदरबोर्ड कळेल हे समजणं म्हणजे पीएमपीएमएलच्या वाहकाला विमान उतरवायला सांगणं, पण त्याचं कार्ड गळ्यात असतं. कॉलेजातला भाचा म्हणतो, “मामा, ग्राफिक कार्ड घ्या, मग बघा.” भाच्याला ग्राफिक कार्ड का हवंय हे मामी सोडून सगळ्यांना कळतं. आणि शेवटी येतो हार्डवेअरवाला. तो रॅम काढतो, खिशातून शाळकरी खोडरबर काढतो, रॅमचे सोनेरी दात त्याने घासतो, फुंकर मारतो, परत बसवतो. मग दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा म्हणतो:

“फॉरमॅट मारून बघा.”

हे वाक्य म्हणजे आपल्याकडचं क्रोसिन आहे. ताप असो, पाय मुरगळलेला असो, एक घ्या. खोडरबराची थट्टा मी करणार नाही. दमट हवेत रॅमच्या टोकांवर काळपट थर चढतो आणि घासल्यावर बंद पडलेली मशीनं खरोखर उठतात. पण कालच पुडक्यातून निघालेल्या रॅमवर कसला थर? तो सवयीने घासतो. पुजाऱ्याने घंटा वाजवावी तसा.

हे एमएस-सीआयटीचं राज्य आहे. ही परीक्षा झाली नाही म्हणून सरकारी कर्मचाऱ्यांची वेतनवाढ रोखण्यापर्यंत आपण मजल मारली. कल्याण-डोंबिवली महापालिका तर ई-गव्हर्नन्समध्ये इतर पालिकांची गुरू. या शतकाच्या सुरुवातीला इथे उभी राहिलेली पद्धत राज्यातल्या बाकी पालिकांनी उचलावी असं शासनानेच ठरवलं होतं. अशा प्रदेशात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो आणि तो फुकट निदान करतो, ही बातमी अजून पोचायची आहे. उघडा. ‘परफॉर्मन्स’वर जा. प्रोसेसर पाच टक्के, मेमरी चाळीस टक्के आणि डिस्क शंभर टक्के असं दिसलं, तर अर्थिंगवाल्या काकांना चहा देऊन घरी पाठवा. गचके खाणाऱ्या असंख्य मशीनांत दोषी तीच असते: ‘चांगली चालली आहे’ म्हणून ठेवलेली जुनी हार्ड डिस्क.

ती का अडवते हे डोंबिवलीकराला समजावून सांगायची गरज पडू नये. कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत सहा मार्गिका होत्या. दिव्यापासून कल्याणपर्यंत सहा होत्या. मधे ठाणे ते दिवा मात्र चारच. बाहेरगावची मेल आणि फास्ट लोकल या नऊ-दहा किलोमीटरांत एकाच रुळांवर यायच्या आणि मेलला वाट द्यायला आपली फास्ट मुंब्र्याच्या आसपास श्वास रोखून उभी राहायची. पुढे सहा आहेत, मागे सहा आहेत, याचा त्या डब्यातल्या माणसाला काय उपयोग? मंजुरीपासून दशक उलटलं, फेब्रुवारी २०२२मध्ये बहात्तर तासांचा मेगाब्लॉक झाला आणि १८ फेब्रुवारीला पाचव्या-सहाव्या मार्गिकेचं उद्घाटन झालं, तेव्हा कुठे तो गळा मोकळा झाला. फास्ट लोकल पारसिकचा बोगदा सोडून मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या आणि १९१६चा तो बोगदा मेल-एक्स्प्रेसच्या वाट्याला आला. संगणकात प्रोसेसर नवा, रॅम नवी, म्हणजे दोन्हीकडे सहा सहा मार्गिका. मधे ती फिरती तबकडी. तिचं टोक एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकायला सुमारे दहा मिलिसेकंद घेतं, म्हणून इकडचं-तिकडचं वाचायला सांगितलं तर ती सेकंदाला शंभर-दीडशे कामं करते. साधी एसएसडी हजारो करते. प्रोसेसर बिचारा उरलेला वेळ फलाटावर उभा.

पण एसएसडी घ्या असं कोणी सुचवलं तर गृहस्थ दुखावतात. “आत्ताच एवढा खर्च केला की!” हेच ते. खर्च केला म्हणजे इलाज झाला, ही आपली श्रद्धा आहे.

बरं, डिस्क म्हातारी आहे की आजारी, तेही तपासता येतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट साधन डिस्कने स्वतः लिहून ठेवलेली कुंडली वाचून दाखवतं. त्यात ०५, सी५, सी६ या ओळींत आकडे वाढत असतील तर डिस्कवरच्या जागा मरू लागल्या आहेत. आधी फोटो दुसरीकडे उतरवा, मग बाकीचं बोला. सी७ ओळ वाढत असेल तर दोष डिस्कचा नसून केबलचा असण्याची शक्यता मोठी. बोर्ड बदलताना तीच जुनी साटा केबल वाकवून, मुरडून परत लावलेली असते. या रोगाचं औषध चहा-वड्याच्या किमतीच्या आसपास मिळतं. त्यामुळेच ते कोणी सुचवत नाही.

जुनी विंडोज तशीच नव्या बोर्डावर सुरू केली, हा दुसरा पराक्रम. हल्लीची विंडोज समजूतदार आहे, ती बोर्ड बदललेला ओळखते आणि बहुतेक वेळा सुरू होते. आधीच्या काळी निळा पडदा दाखवून मोकळी व्हायची. ते एका अर्थी प्रामाणिक होतं. आता ती सुरू होते, जुन्या चिपसेटचे ड्रायव्हर पोटात ठेवून, नव्यासाठी हाताला येईल तो सामान्य ड्रायव्हर लावून. आवाज तुटत असेल तर असा एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला धरून बसलेला असतो; लेटन्सीमॉन नावाचं साधन त्याचं नाव सांगतं. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून चिपसेट, आवाज आणि नेटवर्क यांचे ड्रायव्हर घेतले की बरंच काही सुधारतं. इथे एक कबूल करायला हवं: या एका परिस्थितीत कोरी विंडोज बसवणं हा खरा इलाज असू शकतो. बंद घड्याळासारखा फॉरमॅटवालाही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतो.

फक्त नवी विंडोज बसवल्यावर कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असं पाणचिन्ह उमटतं. कारण विंडोजचा डिजिटल परवाना यंत्राला बांधलेला असतो आणि यंत्र म्हणजे मुख्यतः मदरबोर्ड. संगणकाबरोबर आलेला परवाना जुन्या बोर्डाबरोबरच गेला. यावर हार्डवेअरवाल्याकडे जो तोडगा असतो त्याचं वर्णन कौटुंबिक साप्ताहिकात नको.

घरात ज्येष्ठ मंडळी असली की आणखी एक उपाय निघतो: “बंद करून चालू कर.” उपाय चांगला, पण विंडोजने त्यात खोडा घालून ठेवला आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर ती पूर्ण बंद होतच नाही. आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून डुलकी घेते आणि सकाळी तीच अवस्था, तिच्यातल्या गोंधळासकट, पुन्हा उचलते. खरा नवा जन्म ‘रीस्टार्ट’ने होतो. म्हणजे जो माणूस रोज रात्री शिस्तीत संगणक बंद करतो, त्याचा संगणक महिनोन् महिने बंद झालेला नसतो.

रॅमबद्दल. बऱ्याच बोर्डांना चार खाचा असतात. दोन पट्ट्या असतील तर त्या बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या, तसं बोर्डाबरोबरच्या पुस्तिकेत चित्र असतं. बसवणारा शेजारी-शेजारी बसवतो, कारण तशा त्या डोळ्याला बऱ्या दिसतात. मग दोन वाटांनी जाऊ शकणारी मेमरी एका वाटेने जाते. शिवाय खोक्यावर ३२०० लिहिलेली बरीचशी रॅम बोर्डात बसवल्यावर मुकाट २१३३वर किंवा २६६६वर धावते. खोक्यावरचा वेग हवा असेल तर बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी नावाची सोय चालू करावी लागते. दुकानदार म्हणतो, “३२०० दिलीये साहेब.” दिलीय खरी.

आणि मॉनिटरची वायर! हजारो रुपयांचं ग्राफिक कार्ड आत बसलेलं असतं आणि मॉनिटर जोडलेला असतो बोर्डाच्या खाचेला, कारण वाकून मागे हात घातल्यावर तीच आधी लागते. कार्ड आत फुकट फिरतंय, चित्र प्रोसेसरच काढतोय. भाच्याचं भाकीत असं उलटं खरं ठरतं: ग्राफिक कार्ड घेतलं आणि काही फरक पडला नाही.

आता मुख्य विनोदाकडे येऊ. तो आम्ही रचलेला नाही, उद्योगाने रचलेला आहे.

विंडोज ११ने टीपीएम मागितलं. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी व्यवस्था. डिस्कचं कुलूप, पासवर्ड, यंत्राची ओळख यांची राखण तिने करायची. ती वेगळ्या चिपमध्ये असू शकते, किंवा प्रोसेसरच्या आतच सॉफ्टवेअरने उभी केलेली असू शकते. दुसऱ्या प्रकाराला एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम म्हणतात. विंडोज ११ आली तशी बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी नव्या बायॉसमध्ये ही सोय आपणहून चालू करून द्यायला सुरुवात केली. आणि काही रायझन यंत्रं गचके खाऊ लागली. माउस थिजे, आवाज चरचरे, क्षणात सगळं पूर्ववत. जगभरच्या घरांत त्या दिवसांत तेच झालं जे आपल्या इमारतीत होतं: कोणी रॅम बदलली, कोणी एसएसडी बदलली, कोणी एसएमपीएस बदलला, कोणी ग्राफिक कार्ड परत केलं. फॉरमॅट तर सगळ्यांनीच मारले. अर्थिंगवाले काका अमेरिकेतही असावेत.

मार्च २०२२मध्ये एएमडीने कारण सांगितलं. बोर्डावर एक छोटी फ्लॅश मेमरी असते, तिच्यात बायॉस राहतो. एफटीपीएम आपला कारभार अधूनमधून याच मेमरीशी करते. काही यंत्रांत हा व्यवहार लांबत होता, आणि तो संपेपर्यंत उरलेलं यंत्र थांबून राहत होतं. सोळा-सोळा धाग्यांचा प्रोसेसर, वेगवान रॅम, सगळी मंडळी हात बांधून उभी. कारण सुरक्षा अधिकारी वहीत काहीतरी लिहीत होते. दुरुस्ती एएमडीच्या एजीसा या पायाभूत कोडच्या १.२.०.७ आवृत्तीवरच्या बायॉसमध्ये आली आणि मे २०२२पासून ती बोर्ड कंपन्यांमार्फत मिळू लागली. ज्यांना थांबायचं नव्हतं त्यांना एएमडीने वेगळी टीपीएम चिप लावण्याचा मार्ग दाखवला.

त्यावर पडदा पडला असं वाटत असताना लिनक्सवाल्यांनाही तेच गचके बसले. त्यांच्या कर्नेलने यादृच्छिक अंक मिळवायला याच एफटीपीएमकडे हात पसरायला सुरुवात केली होती. जुलै २०२३मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स वैतागला आणि त्याने त्याच्या प्रसिद्ध मृदू शैलीत सुचवलं की हा प्रकार बंदच करून टाका. केला. लिनसला डोंबिवलीत घर घेऊन द्यायला हवं. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्याचा उपयोग होईल.

आता तुम्ही म्हणाल, २०२२ची गोष्ट आज कशाला? कारण आपल्या दुकानांत बोर्डाचं खोकं किती दिवस पडून होतं ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. रायझनसाठीचे एएम४ सॉकेटचे बोर्ड अजून विकले जातात, स्वस्त म्हणून आपल्याकडे जास्तच. एखाद्यात बायॉस बसवलेला असतो २०२१चा. म्हणजे विंडोज ११साठी टीपीएम हवं म्हणून बोर्ड बदलावा आणि त्याच टीपीएमने गचके द्यावेत, हे २०२६तही शक्य आहे. दोष काढायला खर्च शून्य: कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा बायॉस पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि चढवायचा. दोनच पथ्यं. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ते तात्पुरतं थांबवा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर टीपीएम बदललेलं पाहून विंडोज तुमच्याच घरात तुम्हाला ओळख विचारेल. आणि बायॉस चढत असताना वीज जाता कामा नये. मधेच गेली तर गचके कायमचे थांबतात, बोर्डासकट. ज्यांच्याकडे दुपारी वीज जाण्याची वेळ ठरलेली आहे ते सुखी. बाकीच्यांनी यूपीएस लावावा.

यूपीएस, इन्व्हर्टर नव्हे. साध्या इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरींची असते आणि नव्या पद्धतीच्या काही एसएमपीएसना ती पचत नाही. काकांचं अर्थिंग पूर्ण वेडगळ नाही, हेही जाता जाता नोंदवतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्यांना परत बोलवा.

उष्णतेवर लिहायचं तर एप्रिलमधल्या कल्याणवर लिहावं लागेल. थोडक्यात: इंटेलच्या खोक्यातला कूलर चार प्लास्टिकच्या खिळ्यांवर बसतो आणि त्यातला एक नेहमी अर्धवट बसतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग पाडतो, थंड झाला की वाढवतो, पुन्हा पाडतो. झाले गचके. काही कूलरांच्या तळाला पारदर्शक कागद असतो, तो काढायचा असतो. काढलाच असेल, असं धरून चालू नका.

आता प्रश्न असा की हार्डवेअरवाल्याला हे ठाऊक नाही का? स्टेशनजवळ पंधरा-वीस वर्षं ज्याने हात काळे केले आहेत त्याला यातलं बहुतेक सगळं ठाऊक असतं. तो मूर्ख नाही. त्याने ग्राहक नावाच्या यंत्राचं निदान आधी केलेलं असतं, इतकंच. आपण पार्टचे पैसे देतो, कारण पार्ट हातात धरता येतो. फॉरमॅटचे देतो, कारण त्याला दोन दिवस लागतात. कारण शोधल्याचे पैसे मात्र आपल्याच्याने देववत नाहीत. डॉक्टरने नुसतं तपासून ‘काही नाही, झोप काढा’ म्हटलं तर आपण फी देताना तोंड वाकडं करतो. सुई टोचली की समाधानाने निघतो. मग तोही सुई ठेवतो. नव्या पोराने एकदा भाबडेपणाने खरं सांगून पाहिलेलं असतं.

“काका, झालं. मॉनिटरची वायर चुकीच्या खाचेत होती आणि रॅम शेजारी-शेजारी लावली होती. बदलली.”

“म्हणजे बिघाड काही नव्हताच?”

“नाही काका.”

“मग तीनशे कसले?”

“चेकिंगचे.”

“अहो, वायर तर मीही लावली असती. दोन मिनिटांचं काम. पन्नास घ्या.”

पोरगा पन्नास घेतो आणि धंदा शिकतो. पुढच्या वेळी तो कॅबिनेट ठेवून घेतो. दोन मिनिटांत वायर आणि रॅम बदलतो, मशीन काउंटरखाली सरकवतो आणि दोन दिवसांनी फोन करतो.

“काका, बराच प्रॉब्लेम होता. बायॉस मारला, विंडोज मारली, रॅमची सेटिंग केली, फुल सर्व्हिसिंग केलं. पंधराशे झाले.”

“पंधराशे जास्त होतात हो. बाराशे करा.”

“तुम्ही नेहमीचे आहात म्हणून. द्या बाराशे.”

काका मशीन घरी आणतात, चालवून बघतात, लोण्यासारखं चालतं. संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे भेटतात तेव्हा ते अभिमानाने सांगतात, “माणूस भला आहे हो. दोन दिवस बसला होता त्यावर.”

वरचे खिशातून मोबाइल काढतात. “नंबर द्या ना त्याचा. आमच्या मशीनचाही बोर्ड बदलायचाय.”